बिनतिकिटाचा पाहुणा

६ जानेवारी, सोमवार

पर्यटन कार्यालयातल्या साहेबांनी आज सगळ्या गाइडना एकेक वही दिली. परवान्याचं नूतनीकरण आता नुसतं सही-शिक्क्यावर होणार नाही म्हणे, तोंडी परीक्षा द्यावी लागेल. अठरा मार्चला. सात ठिकाणांपैकी कुठलंही एक विचारणार आणि त्यावर वीस मिनिटं बोलायचं, न अडखळता. रोज काय बोललात ते वहीत लिहा म्हणजे चुका कळतील, असा साहेबांचा सल्ला. मी सत्तावीस वर्षं ह्या शहरात लोकांना फिरवतेय, साहेबांना खुर्चीवर बसून सत्तावीस महिने झाले नसतील. पण वही चांगली आहे, जाड कागदाची. ती चुका लिहिण्यात वाया घालवायची नाही असं ठरवलंय. मनात येईल ते लिहीन, साहेबांनी मागितली तर हरवली म्हणून सांगेन.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. मला वाटलं, नेहमीसारखं "हं" म्हणतील आणि पेपरात डोकं घालतील. तर हे पेपर खाली ठेवून म्हणाले, "मग मी येतो ऐकायला. सातही ठिकाणं. घड्याळ लावून ऐकतो."

मी म्हटलं, "तुम्ही? उभ्या जन्मात राजवाड्याच्या आत पाऊल टाकलं नाहीत."

"टाकलंय की. पाइप फुटला होता तेव्हा. तळघरात."

अख्खी नोकरी पाणीपुरवठ्यात, पंपावर काढली ह्यांनी. शहर ह्यांना जमिनीखालून माहीत, मला वरून. दोन वर्षं झाली निवृत्त होऊन, पण अजून रस्त्याने चालताना मान खाली, चेंबरची झाकणं मोजत चालतात. असा माणूस आता स्थळदर्शनाला निघालाय. येऊ द्या, घरात बसून पंख्याकडे बघण्यापेक्षा बरं.

सुरुवात जुन्या टाक्यापासून करू म्हणाले. मी सांगून टाकलं की टाकं यादीत सातवं आहे, ते सातव्यालाच येणार. पत्रकावर छापलाय तोच क्रम. "राजधानी, एका दिवसात" असं नाव आहे पत्रकाचं, आणि एका दिवसात पळवायचं तर क्रम मोडून चालत नाही.

११ जानेवारी, शनिवार

पहिलं ठिकाण, राजवाड्याचा दरबार. पाहुणे एकोणीस. (आम्ही गाइड मंडळी पर्यटकांना पाहुणेच म्हणतो, तोंडावर आणि पाठीमागेही.) हे वेगळे, बिनतिकिटाचे. गाइडच्या घरच्या माणसाला सगळीकडे फुकट प्रवेश असतो, फक्त मोजणीत धरत नाहीत. गट मोजायचा तो तिकिटांवर. ड्रायव्हर, गाइड आणि गाइडच्या घरचं कोणी असेल तर ते मोजणीच्या बाहेर. पहिल्या दिवशी हेच शिकवतात आम्हाला, नाहीतर आकडा कधीच जुळत नाही.

हे मागच्या रांगेत उभे राहिले, नव्या कोऱ्या शर्टात. मी सिंहासनाची गोष्ट रंगवून सांगत होते आणि हे भिंतीवर तळहात ठेवून उभे. नंतर विचारलं तर म्हणे ओल बघत होतो. लोक छताकडे माना वर करून बघतायत, सोन्याचा मुलामा बघतायत, आणि आमच्या ह्यांना ओल.

परत येताना विचारलं, "कसं वाटलं?"

"बावीस मिनिटं झाली. दोन कमी कर. राणीचं रडणं जरा आवर."

एवढंच. कौतुकाचा एक शब्द खर्च करायचा म्हणजे ह्यांच्या जिवावर येतं. दरबारातून बाहेर पडताना मात्र ओट्यावर पाच मिनिटं बसले. दगडाचा जोड बघतोय म्हणाले. सगळे पाहुणे बसमध्ये जाऊन बसले तरी ह्यांचा जोड बघून होईना.

१९ जानेवारी, रविवार

दुसरं ठिकाण, घड्याळाचा मनोरा. एकशे चाळीस पायऱ्या. हे वर आलेच नाहीत. "खालूनच ऐकू येतंय तुझं," म्हणाले. येणारच, माझा आवाजच तसा आहे. सत्तर वर्षांच्या एक बाई काठी टेकत वर चढल्या आणि आमचे हे एकसष्टाव्या वर्षी खाली बाकावर. मला लाज वाटली. उतरल्यावर मी सगळ्यांसमोर म्हटलं, "ह्यांना वर नेण्यासाठी पंप लावायला हवा." सगळे हसले. हेही हसले.

आज मिनिटं मोजायलाही विसरले. डोळे मिटून ऐकत होते म्हणे. मी म्हटलं, झोपला होतात ते सांगा.

२३ जानेवारी, गुरुवार

ह्यांची हल्ली दर गुरुवारी निवृत्त मंडळींची बैठक असते. सकाळी आठला जातात ते दुपारी तीनला उगवतात, चेहरा असा उतरलेला जणू दगड फोडून आले. म्हाताऱ्यांनी एकमेकांची गाऱ्हाणी ऐकायची म्हणजे दमायला होणारच. आज कोपराच्या आत कापसाचा बोळा चिकटवलेला. विचारलं तर म्हणाले, तिथे शिबिर होतं, रक्त दिलं.

ह्या वयात ह्यांचं रक्त कोण घेतं? मी चांगलं फैलावर घेतलं. अंगावर मांस नाही, पट्ट्याला नवं भोक पाडून घेतलंय आणि निघाले दानशूर. खाली मान घालून ऐकून घेतलं सगळं. पूर्वी एवढं ऐकून घेत नसत.

२ फेब्रुवारी, रविवार

आज दोन ठिकाणं उरकली, तटबंदी आणि जुना बाजार. बाजारात माझं भाषण तोंडपाठ आहे. मसाल्यांच्या गल्लीत थांबायचं, सराफांच्या गल्लीत थांबायचं नाही, नाहीतर अर्धा गट तिथेच वितळतो. हे एका चौकात थांबले आणि बुटाच्या टाचेने जमिनीवर ठोकलं. एका पाहुण्याने विचारलं, काय आहे? झालं, ह्यांचं तोंड उघडलं. इथे खाली पूर्वीच्या राजांनी घातलेला मातीचा नळ आहे, अजून जिवंत आहे, कान लावलात तर पाणी ऐकू येईल. दहा-बारा लोक खरोखर जमिनीला कान लावून बसले. भर बाजारात. मी हातात छत्री उंच धरून एकटी उभी.

घरी आल्यावर मी बोललेच. "गाइड मी आहे. परीक्षा माझी आहे."

"चुकलं," म्हणाले. "पण तू तिथे पाणी नदीचं आहे म्हणालीस. नदीचं नाही गं ते. डोंगरातल्या तळ्याचं आहे. परीक्षेत चुकशील."

पाण्याच्या बाबतीत ह्यांना चूक खपत नाही. लग्नानंतर आठव्या दिवशी माझ्या वडिलांना भर पंगतीत सांगितलं होतं की तुमच्या विहिरीला झरा नाही, नुसता पाझर आहे. वडील पुढे दोन वर्षं ह्यांच्याशी बोलले नव्हते.

लेकीचा फोन आला. हल्ली रोज येतो. पूर्वी आठवड्यातून एकदा यायचा, तोही मी केला तर. माझ्याशी दोन वाक्यं बोलते, मग बाबांना दे. हे फोन घेऊन गॅलरीत जातात आणि दार ओढून घेतात. बापलेकीचं काहीतरी शिजतंय. एप्रिलमध्ये लग्नाला पस्तीस वर्षं होतील, त्याचाच काहीतरी घाट असणार. मी काही न कळल्यासारखं दाखवते. आनंद आहे, म्हटलं, पस्तीस वर्षांत पहिल्यांदा आठवण राहिली.

९ फेब्रुवारी, रविवार

आज गट नव्हता. ह्यांनी सकाळपासून घरभर चिठ्ठ्या बांधल्या. प्रत्येक नळाच्या चावीला सुतळीने एक पुठ्ठा. "स्वयंपाकघर." "न्हाणीघर." "ही आधी बंद कर." जिन्याखालची मुख्य चावी मला दोनदा फिरवायला लावली. घट्ट आहे ती, हाताला फोड आला.

मी म्हटलं, "मला कशाला शिकवताय? तुम्ही आहात ना घरात, रिकामटेकडे?"

"मी बाजारात गेलो असताना नळ फुटला तर?"

"तर तुमची वाट बघेन."

"पाणी वाट बघत नाही," म्हणाले आणि पुन्हा फिरव म्हणाले. मी पुन्हा फिरवली. निवृत्त माणसाला काम नसलं की तो घराचंच ऑफिस करतो.

जेवण अर्धं टाकलं. विचारलं तर म्हणे तिखट झालंय. मी मिरची घातलीच नव्हती.

१६ फेब्रुवारी, रविवार

पाचवं, संग्रहालय. आज मी स्वतःवर खूश आहे. एकोणीस मिनिटं, एकदाही अडखळले नाही. तलवारी, पालख्या, राजाचा बुद्धिबळाचा पट, सगळं जसंच्या तसं. शेवटी दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या. मागे बघितलं तर हे खुर्चीत बसलेले, संग्रहालयातल्या पहारेकऱ्याने स्वतःची खुर्ची दिली होती, आणि हे रुमालाने डोळे पुसत होते. धूळ असते तिथे, मी कितीदा कार्यालयात तक्रार केलीय.

परत येताना बसमध्ये शेजारी बसले. एरवी ड्रायव्हरशेजारी बसतात, इंजिनाचा आवाज ऐकायला. म्हणाले, "तू छान बोलतेस."

मी म्हटलं, "आज कळलं का?"

"हो," म्हणाले.

रात्री पुन्हा टाक्याचा विषय. सहावं राहू दे, आधी सातवं दाखव. मी म्हटलं, त्या टाक्यात आहे काय? अंधार, वास, त्रेसष्ट पायऱ्या खाली आणि त्रेसष्ट वर. मी तर तिथे सात मिनिटांत आटोपतं घेते, पाहुण्यांना तोवर हॉटेलची आठवण झालेली असते. परीक्षेत ते कुणी विचारणार नाही. ह्यांनी "बरं" म्हटलं आणि कुशीवर वळले.

२२ फेब्रुवारी, शनिवार

ह्यांची भुणभुण थांबेना म्हणून, सहावं सोडून आज टाकं दाखवायचं शेवटी कबूल केलं होतं. ऐनवेळी गटातल्या चार बायकांनी खरेदीचा हट्ट धरला, बाकीचे त्यांना सामील झाले. पाहुण्यांचं मन मोडता येत नाही, कार्यालयात तक्रार जाते. बस बाजाराकडे वळवली. हे टाक्याच्या फाटकाशी आधीच जाऊन थांबले होते, बॅटरी घेऊन, मफलर गुंडाळून. ड्रायव्हरला पाठवून बोलावून घेतलं. बॅटरी खिशात घातली आणि बसमध्ये डोळे मिटून पडले.

मी म्हटलं, "टाकं कुठे पळून जातंय का? चारशे वर्षं आहे तिथेच आहे."

"टाकं नाही जात," म्हणाले.

कोड्यात बोलायची सवय आहे ह्यांना, मी लक्ष दिलं नाही. परीक्षा संपली की नेईन एकदा निवांत, फक्त दोघं.

२ मार्च, रविवार

कालचं लिहिते.

सहावं ठिकाण, राजबाग. पाहुणे एकवीस. कारंज्यांपाशी मी सांगत होते आणि हे माझ्याच बाजूला उभे होते. मी म्हटलं, ही कारंजी दोनशे वर्षं पंपाशिवाय चालली. हे हळूच म्हणाले, "दोनशे साठ." मी लोकांना दोनशे साठ सांगितलं. मग गट गुलाबांकडे निघाला. हे कठड्यावर टेकले. "तू हो पुढे, मी येतो."

तासाभराने मी गट घेऊन फाटकाशी आले, नेहमीसारखं बोटांच्या पेरांवर मोजलं. एकवीस. पुन्हा मोजलं, एकवीस. ड्रायव्हरला म्हटलं चला. हॉटेलवर सगळ्यांना उतरवलं, ज्याच्या त्याच्या हातात ज्याची त्याची पिशवी दिली, एका आजीबाईंचा चष्मा सीटखालून काढून दिला. आणि मग ड्रायव्हर आरशात बघत म्हणाला, "ताई, साहेब आज मधेच उतरले का?"

एकवीस. मी दोनदा मोजले होते. हे त्यात नव्हते, कारण हे कधीच त्यात नसतात.

बागेत पोचायला चाळीस मिनिटं लागली. तिकीट-खिडकीतल्या बाईने ह्यांना आपल्या खोलीत सतरंजीवर निजवलं होतं. कारंज्यापाशी चक्कर येऊन पडले होते. ती म्हणाली, "मी म्हटलं गाडी बोलावते, तर ऐकेनात. म्हणत होते, माझी बायको येईल, तिचा गट आहे, गट सोडून तिला येता येत नाही, तुम्ही घाई करू नका." तिने ह्यांच्या डोक्याखाली तिकिटांचा गठ्ठा ठेवला होता, उशी नव्हती म्हणून.

मला बघून हे म्हणाले, "सगळे पोचले?"

मी सत्तावीस वर्षांत एकही पाहुणा मागे विसरलेला नाही. कार्यालयात ह्याबद्दल माझं नाव घेतात.

३ मार्च, सोमवार

हॉस्पिटल. तपासायला आलेला डॉक्टर ह्यांना बघून म्हणाला, "काका, गुरुवारी आला नाहीत तुम्ही." मग माझ्याकडे वळला, "तुम्ही काकू ना? तुमच्याबद्दल फार सांगतात. मागच्या रिपोर्टवर आपलं बोलायचं राहिलं."

मी म्हटलं, "कुठल्या?"

डॉक्टर तरुण आहे. त्याचा चेहरा बघून मलाच त्याची दया आली. त्याने मला बाहेर नेलं आणि सगळं सांगितलं. ऑक्टोबरपासून. स्वादुपिंड. आता काही करण्यासारखं नाही, दुखू नये एवढंच बघायचं. किती दिवस म्हणून मी विचारलं. तो म्हणाला, आठवडे मोजा. मी म्हटलं, किती मोजू?

बैठक नव्हती. शिबिर नव्हतं. गुरुवारचा तो उतरलेला चेहरा, तो कापूस, पट्ट्याचं भोक, चाव्यांना बांधलेले पुठ्ठे. सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मी त्यावर विनोद करत होते. ह्याच वहीत केलेत, मागची पानं उलटली की दिसतात. फाडून टाकावीशी वाटतात. टाकणार नाही.

लेकीला फोन केला. ती रडायलाच लागली. तिला नोव्हेंबरपासून माहीत. बाबांनी शपथ घातली होती. मी तिला वाटेल ते बोलले, तू माझी मुलगी नाहीस इथपर्यंत बोलले. मग दोघी रडलो. परवा येतेय.

५ मार्च, बुधवार

आज ह्यांना विचारलं. रागानेच विचारलं, मला दुसरं काही जमत नव्हतं. "मला का नाही सांगितलंत? मी कोण तुमची?"

ह्यांनी चादर छातीपर्यंत ओढून घेतली. मग म्हणाले, "तुला सांगितलं असतं तर तू दुसऱ्या दिवसापासून घरी बसली असतीस."

"बसलेच असते."

"तेच. मला ऐकायचं होतं तुला. मी रात्रपाळी करून यायचो तेव्हा तू निघालेली असायचीस. तू यायचीस ती बोलून दमलेली, मग घरात तुझ्या वाट्याचं उरायचं ते भांडण. दिवसभर तू लोकांशी काय बोलतेस, कशी बोलतेस, मी कधी ऐकलंच नव्हतं. सारं शहर ऐकून गेलं, मी सोडून."

मग म्हणाले, "सहा झाली. चांगली झाली. राणीचं रडणं तेवढं जास्त आहे."

मी त्यांच्या पायांवर डोकं ठेवून रडले. पाय इतके बारीक झालेत की चादरीखाली आहेत की नाहीत कळत नाही. रोज एका घरात राहून मी हे पाय बघितले नव्हते.

८ मार्च, शनिवार

डॉक्टरला विचारलं, तासभर बाहेर नेऊ का, टाक्यापर्यंत. त्रेसष्ट पायऱ्या म्हटल्यावर त्याने मान हलवली. मी म्हटलं, आम्ही खुर्चीत बसवून नेतो, आमचा ड्रायव्हर धट्टाकट्टा आहे, लेक आहे. तो म्हणाला, काकू, उचलून बेडवरून खुर्चीत ठेवलं तरी त्यांना सोसणार नाही.

बावीस तारखेला हे स्वतःच्या पायांनी फाटकापर्यंत गेले होते. चार पिशव्यांची खरेदी केली त्या बायकांनी. मी भावही करून दिला त्यांना.

लेक बापाला चमच्याने पाणी पाजते. घोट उतरला की हे तिला सांगतात, हे पाणी टाकीत दोन दिवसांचं आहे, ताजं नाही. तिने खाली जाऊन दुसरं आणलं.

२४ मार्च, सोमवार

वही पंधरा दिवस उघडली नव्हती. परीक्षेला गेले नाही. साहेब स्वतः घरी येऊन गेले, पुढची तारीख देऊ म्हणाले. मी ह्या वहीबद्दल त्यांना खोटं सांगणार होते, त्यांनी विचारलंच नाही.

चौदा तारखेचं लिहायचं राहिलंय. लिहिलं नाही तर मी ते वेगळंच आठवायला लागेन. गोष्टी रंगवायची सवय आहे मला.

दुपारचे दोन वाजले असतील. लेक जेवायला खाली गेली होती. शेजारचा पलंग रिकामा, खिडकीचा पडदा अर्धा ओढलेला. हे दोन दिवस फारसं बोलले नव्हते. डोळे उघडून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "सातवं."

मी उठून उभी राहिले. बसून मला बोलता येत नाही, सत्तावीस वर्षं उभ्यानेच बोललेय. पलंगाच्या पायथ्याशी उभी राहिले आणि सुरुवात केली. सुस्वागतम, आपण आता राजवाड्याच्या उत्तर फाटकाशी आहोत, पायऱ्या ओल्या आहेत, कठडा धरा. नेहमीचा आवाज लावला नाही, पण फार हळूही बोलले नाही. दारात एक बाई येऊन थांबली, तिच्या नातेवाइकाला शोधत आली असावी, ती तिथेच ऐकत राहिली.

मला टाक्याचं सात मिनिटांपेक्षा जास्त काही येत नाही. ते मी ताणलं. प्रत्येक पायरी उतरवली त्यांना. दहाव्या पायरीवर थंडी सुरू होते ते सांगितलं, तिसाव्या पायरीवर आवाज बदलतो ते सांगितलं, मफलर नीट करा म्हटलं. खाली पोचलो. उजवीकडे बघा, पाण्यात उभे असलेले खांब, एकूण एकशे वीस.

"अठरा," हे म्हणाले. डोळे मिटलेले होते. "एकशे अठरा. दोन नवे. आम्ही बसवले."

मी म्हटलं, "एकशे अठरा. आणि दोन नवे, पाणीपुरवठ्याच्या माणसांनी बसवलेले." दारातल्या बाईने मान डोलावली.

मग मी पुढे नेलं, खांबांच्या मधून, लाकडी फळीवरून. छतातल्या झरोक्याचं सांगितलं. पाण्यातल्या आंधळ्या माशांचं सांगितलं. ह्यांचा चेहरा स्वस्थ होता. कपाळावरची आठी गेली होती, गेले पाच महिने ती होती आणि मी ती स्वभावाची समजत होते. मला जरा शंका आली. म्हणून मी मुद्दाम म्हटलं, "आणि हे सगळं पाणी नदीतून, पंपाने वर चढवलेलं आहे."

ह्या वाक्याला हे कुठूनही उठून आले असते. मी थांबले. पंख्याचा आवाज येत होता. पुन्हा म्हटलं, जरा मोठ्याने, "नदीचं पाणी. पंपाने."

काही नाही.

मग मीच सांगितलं. नदीचं नाही, डोंगरातल्या तळ्याचं. पंप नव्हते, नुसता उतार होता, चार मैलांवर एक हात उतार, आणि त्यावर पाणी आपलं आपण चालत यायचं. एवढं मला कसं माहीत होतं कोण जाणे, केव्हातरी भांडणातच ऐकलेलं असणार. सांगताना एकदाही अडखळले नाही. त्यांना तिथे खाली सोडून मला वर येता येईना, म्हणून त्रेसष्टच्या त्रेसष्ट पायऱ्या मोजत परत वर आणलं, बाहेर उन्हात आणलं, आणि शेवटी म्हणतात ते म्हटलं, आपण आलात, आभारी आहे.

दारातली बाई निघून गेली होती. लेक आली, तिने एकदा बघितलं आणि नर्सला हाक मारली. नर्सने मनगट धरलं, घड्याळ बघितलं, मला हळूच विचारलं, "केव्हा झालं, काकू? मला वेळ लिहावी लागते."

मी म्हटलं, "खांबांपर्यंत होते."